आबांच्या नावावरचा शेरा

माझे वडील वारले आहेत हे ठाण्याच्या एका संस्थेला पटवून देण्यात माझे दोन महिने गेले, आणि ज्या दिवशी त्यांना ते पटलं, नेमके त्याच दिवशी मला ते जिवंत हवे होते. म्हणजे एरवीही हवेच होते. पण त्या दिवशी कार्यालयीन कामासाठी हवे होते.

संस्था चांगली आहे हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. दिव्यांग मुलामुलींना नोकरीच्या वाटेवर सोबत म्हणून ती एकेक अनुभवी माणूस देते. जायचं-यायचं काही नाही. दर शनिवारी संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी संगणकासमोर बसून बोलायचं. अशी सहा सत्रं झाली की संस्था शिफारस करते आणि कुठेतरी मुलाखत मिळते. शिकवणाऱ्याला मेंटॉर म्हणतात, शिकणाऱ्याला मेंटी. आबा निवृत्तीआधी टेलिफोन खात्यात होते. ऑपरेटर मुलींना फोनवर कसं बोलावं हे शिकवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. पुढे ऑपरेटर संपले, आबांचं शिकवणं मात्र शिल्लक राहिलं होतं. ते त्यांनी कल्पिताला द्यायला घेतलं.

कल्पिताला जन्मापासून दिसत नाही. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावात ती राहते, बी.ए. झाली आहे, आणि तिला ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या फोन-डेस्कवर काम हवं होतं. पेशंटचे फोन घ्यायचे, डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. तिच्या घरी तिच्या नोकरीची कोणालाच गरज नव्हती. पूर्वी शेतं होती, आता त्या शेतांवर इमारती आहेत. तिचे वडील धनेश यांनी तिला सांगून ठेवलं होतं, एक मुलाखत देऊन बघ. झालं तर झालं, नाही तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. आबांनी हे मला जेवताना सांगितलं. "तिला एकच कॉल लावायला मिळणार आहे," ते म्हणाले, "तो एंगेज लागून चालणार नाही."

तीन सत्रं झाली. मग एका सोमवारी सकाळी, चहा व्हायच्या आत, आबा गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. 'प्रिय श्रीनिवासजी, आजचं सत्र विसरू नका. तुमची कोणीतरी वाट पाहत आहे.' पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. तेराव्यानंतर मी संस्थेला फोन केला. क्षिप्रा नावाची मुलगी तिथे समन्वयक आहे. ती मनापासून हळहळली, आबांच्या आवाजाची आठवण काढली, आणि मग म्हणाली की मेंटॉरला कार्यक्रमातून बाहेर पडायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या खात्यातून तसा अर्ज करायचा असतो.

मी म्हटलं, ते बाहेर पडलेलेच आहेत.

"हो ताई, पण सिस्टीममध्ये अजून आहेत ना."

मी ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे पुस्तक हरवलं तर ते हरवलं असं मान्य करायचीही एक पद्धत आहे, त्यामुळे कार्यपद्धतीचा मला तिटकारा नाही. आबांच्या मोबाइलवर येणारे सांकेतिक आकडे घालून मी त्यांच्या खात्यात शिरले. बाहेर पडण्याची कारणं चार दिली होती: व्यग्रता, स्थलांतर, प्रकृती, इतर. स्थलांतरापाशी मी जरा थबकले. आमच्याकडच्या संतवाङ्मयाच्या दृष्टीनं ते चूक नव्हतं. शेवटी प्रकृती निवडलं. तत्काळ उत्तर आलं, 'लवकर बरे व्हा.' मग इतर निवडलं. तिथे तपशील विचारला होता आणि त्याखाली, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा चौकटीत, 'परत रुजू होण्याची अपेक्षित तारीख'.

क्षिप्रानं मृत्यूचा दाखला जोडायला सांगितला. जोडला. तो परत आला, कारण जोडलेल्या प्रत्येक कागदावर सभासदानं स्वतः सही करून तो खरा असल्याचं प्रमाणित करायचं होतं. मी पुन्हा फोन केला. ती म्हणाली, हे मी वर कळवते.

वर कळवणं म्हणजे नेमकं कुठे, हे मी विचारलं नाही.

आमच्या इमारतीत एव्हाना हे सगळ्यांना कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या सरोजमावशींनी सांगितलं की त्यांच्या दिरांचं नाव मतदारयादीतून निघायला दोन निवडणुका गेल्या, तेव्हा धीर धर. सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव म्हणाले की त्यांना रीतसर सोसायटीच्या पत्रावर कळवू. त्यांनी कळवलंही. सोसायटीच्या पत्रात सगळ्या गोष्टी ज्या सुरात लिहिल्या जातात त्याच सुरात हेही लिहिलं होतं: सदर सभासद आता आमच्या इमारतीत राहत नसून यापुढील पत्रव्यवहार त्यांच्याशी करू नये.

मग माझ्या लक्षात आलं की खातं बंद करण्याचं एक बटण पडद्यावर दिसतं, पण फक्त सत्र चालू असताना. म्हणून पुढच्या शनिवारी ठरल्या वेळी मी आबांच्या खात्यातून आत गेले. बटण शोधत होते तेवढ्यात आवाज आला.

"सर?"

मला वाटलं होतं की तिला कोणीतरी कळवलं असेल. कोणी कळवलं नव्हतं. ती तीन शनिवार संगणकासमोर बसून सरांची वाट पाहून उठली होती. मी त्यांची मुलगी ऋजुता, असं सांगून मी तिला काय झालं ते सांगितलं. पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडला, अवेळी.

"तुम्ही जेवता ना ताई नीट?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. आणखी थोडा वेळ ती होती, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग ती नव्हती. बटण मला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टीमनं आबांचं अभिनंदन केलं, चौथं सत्र यशस्वीपणे पूर्ण झाल्याबद्दल.

क्षिप्राकडून कळलं की मेंटॉर बदलला तर कल्पिताला पुढच्या वर्षीच्या तुकडीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि पुढचं वर्ष तिला मिळणार नव्हतं. उरलेली दोन सत्रं मीच बसले तर चालेल का, असं मी विचारलं. तिनं आवाज खाली आणला. "सिस्टीमला ताई, कोण बोलतंय ते कळत नाही. मी काही ऐकलं नाही."

अशा रीतीनं, ज्यांचं खातं बंद करायला मी निघाले होते, त्यांच्या नावानं मी कामाला लागले.

आमच्या घरी इंटरनेट धड चालतं ते हॉलमध्ये, आणि हॉलमध्येही सर्वांत चांगलं चालतं त्या कोपऱ्यात आबांचा फोटो ठेवला होता. त्यात शनिवारची संध्याकाळ म्हणजे भेटायला येणाऱ्यांची वेळ. माणसं येत, फोटोपुढे बसत, "काही त्रास नाही ना झाला त्यांना?" विचारत, पंख्याकडे बघत, आणि मग चपला घालून मुकाट निघून जात. त्यांनी 'येतो' म्हणायचं नाही, आपण 'या' म्हणायचं नाही. दुःखाच्या घरी पुन्हा येण्याची वेळ येऊ नये, म्हणून. ही रीत मला मनापासून आवडते. आपल्याकडे मुकाट्यानं होणाऱ्या गोष्टी फार थोड्या.

पाचव्या सत्राला हॉलमध्ये आबांचे टेलिफोन खात्यातले दोन जुने सहकारी बसले होते. सरोजमावशी होत्या. कुंडलिकराव त्यांच्या पत्राला उत्तर आलं का ते विचारायला आले होते. मी फोटोखाली बसून संगणक उघडला आणि सगळ्यांना हळू आवाजात सांगितलं की ही आबांची विद्यार्थिनी, हिला दिसत नाही. त्यावर कुंडलिकरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि गच्चीवरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "बाळ, नाव काय तुझं?"

"कल्पिता. ऐकू येतं मला, काका."

सरोजमावशी या सबंध वेळात तिच्याकडे बघून प्रेमानं मान डोलावत होत्या. अशा मुलींचा गळा फार गोड असतो, गाण्यात करिअर का करत नाहीस, असं त्यांनी विचारलं. कल्पिता म्हणाली, मी फार बेसूर आहे, मावशी; शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. कुंडलिकरावांनी बँकेच्या परीक्षा सुचवल्या. खात्यातल्या सहकाऱ्यांपैकी एकांनी लघुलेखन सुचवलं, ते आता कोणी वापरत नाही असं दुसऱ्यांनी सांगितलं, त्यावर त्यांचं आपापसात थोडं लागलं. दुखवट्याच्या घरात करिअरवर चर्चासत्र भरलं होतं. मी आबांच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

तिला सराव हवा होता. आबा तिला पेशंट होऊन फोन करत असत. मला ते सोंग जमेना. मग सरोजमावशी म्हणाल्या, मी होते पेशंट. त्या अशा काही पेशंट झाल्या की मला त्यांच्याबद्दल वेगळंच काही कळायला लागलं. पहिल्या वाक्याला त्यांनी डॉक्टरांना निष्काळजी ठरवलं, दुसऱ्याला हॉस्पिटलला, तिसऱ्याला स्वतःच्या सुनेला. कल्पितानं सगळं ऐकून घेतलं. मंगळवारची वेळ दिली. "काळजी घ्या मावशी, मंगळवारी भेटू," असं म्हणून तिनं तो खोटा फोन इतका नीट ठेवला की मावशी शांत होऊन बसल्या. मग कुंडलिकरावांनी आपला गुडघा सांगितला. तो गुडघा खरा होता आणि वेळही त्यांना खरीच हवी होती. हे सगळं खोटं आहे हे त्यांना समजावून सांगताना कल्पिता त्यांना म्हणाली, "काका, मला नोकरी लागली की पहिली अपॉइंटमेंट तुमची."

मला ती आवडायला लागली होती. म्हणूनच पुढची गोष्ट मला लागली.

आबांचा एक नियम होता. फोन कसा उचलावा हे कोणीही शिकवतं, ठेवावा कसा हे शिकवावं लागतं. आपण ठेवतोय हे समोरच्याला आधी कळलं पाहिजे, नाही तर तो रिकाम्या फोनशी बोलत राहतो. सरोजमावशींचा, कुंडलिकरावांचा निरोप कल्पितानं तसा घेतला होता. सत्र संपल्यावर मात्र, सगळे उठून गेल्यावर, मी तिला म्हटलं, छान झालं हं आज. ती हो म्हणाली. थोडा वेळ थांबली. आणि काही न बोलता गेली. मी "कल्पिता?" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. आबांच्या नियमातला रिकाम्या फोनशी बोलणारा माणूस मी झाले होते.

सहाव्या सत्रालाही तेच झालं. ते शेवटचं सत्र होतं. मी काही दोन शब्द तयार ठेवले होते. आबांच्या वतीनं तिला शुभेच्छा, वगैरे. ती ऐकत होती. शेवटी, "सरांच्या फोटोला हार आहे ना?" एवढं विचारलं. आहे म्हटलं. आणि पडदा कोरा झाला.

माणसानं फार वाचलेलं असलं की त्याला अपमानही नीट शब्दांत करून घेता येतो. मी स्वतःला समजावलं की तरुण मुलांची हीच रीत आहे; की संगणकाला दार नसतं, त्यामुळे दाराशी थांबणंही नसतं; आणि वाईट वाटून घेण्याचं माझं वय नाही. अशा समजावण्याचा होतो तोच परिणाम झाला. सत्रांचा समारोप म्हणून सिस्टीमनं मेंटॉरचा अभिप्राय मागितला होता. गुणांच्या चौकटीत मी मनापासून पुष्कळ लिहिलं. त्याखाली 'सुधारणेस वाव' अशी चौकट होती, आणि ती मोकळी सोडता येत नव्हती. मी लिहिलं: 'संभाषण संपवताना निरोप घेत नाही, एकदम निघून जाते.' वाक्य संयमित झालं आहे असं मला वाटलं. खाली सिस्टीमनं आपोआप नाव घातलं: श्रीनिवास खांबेटे, मेंटॉर.

पुढच्या आठवड्यात क्षिप्राचा फोन आला. हॉस्पिटलनं कल्पिताची मुलाखत थांबवली होती. फोन-डेस्कवर बसणारी मुलगी निरोप न घेता फोन ठेवते, असं तिच्या स्वतःच्या मेंटॉरनं लिहिलं असेल तर तिला बोलावून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. बुधवारपर्यंत शेरा बदलला नाही तर त्या जागी दुसऱ्या कोणाला बोलावणार होते. "सरांनी असं लिहायला नको होतं," क्षिप्रा म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं.

मी म्हटलं, जे खरं आहे ते लिहिलं. शेरा बदलणार नाही असं मी म्हटलं नाही, पण बदलते असंही म्हटलं नाही. विचार करते, म्हटलं. हे सोमवारी.

मंगळवारी सकाळी दाराची बेल वाजली. नऊवारी नेसलेली एक म्हातारी बाई उभी होती, जिना चढून दमलेली. "मी आवडाबाई," ती म्हणाली. "कल्पिताची आजी." धनेश खाली गाडीपाशी होता. वर येणार नाही म्हणाला, त्याला अशा घरी बसायला सुचत नाही. ती मोकळ्या हातानं आली होती, तसंच यायचं असतं. मी पुढे केलेली खुर्ची तिनं बाजूला सारली आणि ती फोटोपुढे जमिनीवर बसली.

"याचा आवाज वलखते मी," फोटोकडे बघत ती म्हणाली. "तोंड आज बघतला."

मग हळूहळू सांगत गेली. सत्र संपलं की आबा तिलाही बोलवून घेत. त्यांना मिठागरांबद्दल विचारायचं असे. पाणी कधी घेता, मीठ कधी धरतं, पायांना काय होतं. तिच्या माहेरची मिठागरं होती, आता खाडीत गेली. तिला इतकं कोणी विचारलं नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटे की आबांची सत्रं लांबतात म्हणून जेवण गार होतं.

"आदी दार वाजला का पोर आतले खोलीत जायची," ती म्हणाली. "आता फोन वाजला का तीच पयली उचलते. तुमचे बापानी केला ह्या."

थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. माझ्या गालावरून हात फिरवला. दाराशी जाऊन चपला घातल्या. ग्रंथालयातल्या सवयीनं माझ्या तोंडून 'या' निघणार होतं, तेवढ्यात तिनं वळून न बघताच हात वर करून मला थांबवलं. आणि कठडा धरून, एकेक पायरी, मुकाट उतरू लागली.

मी दारात उभी होते. खालच्या वळणावर तिचं लुगडं दिसेनासं झालं, आणि मग मला समजलं. दोन महिने माझ्या घरातून जो तो असाच निघून गेला होता. एकालाही मी शेरा दिला नव्हता.

मी तशीच घरच्या स्लिपरवर खाली धावले. आवडाबाई गाडीत बसत होती. मी तिला विचारलं की कल्पिता शेवटी काही बोलत नाही, ते यासाठी का.

"मंग?" तिला माझा प्रश्नच कळेना. "इचारला व्हता तिनी मला. मशिनीवर पण नाय बोलायचा का, आजी? मी बोलले, घर तर दुखाचाच हाय ना. गाडीत बसून गेलीस काय, मशिनीतून गेलीस काय."

मी तिथेच, गाडीच्या दारापाशी उभी राहून, क्षिप्राला फोन लावला. शेरा आत्ताच्या आत्ता बदलते म्हणून सांगणार होते. ती माझ्याआधी बोलू लागली आणि तिच्या आवाजात खरा आनंद होता. "ताई, मी तुम्हालाच फोन करणार होते. तुमचं काम झालं! सकाळीच सरांचं खातं बंद झालं. वरून मंजुरी आली. दाखला मान्य झाला."

म्हणजे आबा आता कायमचे बाहेर पडले होते. त्यांच्या खात्यात कोणाला शिरता येणार नव्हतं, त्यांचा शेरा कोणाला पुसता येणार नव्हता. ज्या मुलीबद्दल त्यांनी जेवताना एवढं सांगितलं, तिच्याविरुद्ध त्यांच्या नावानं एक वाक्य उरलं होतं, आणि ते माझं होतं.

"काय झाला ताई?" धनेशनं विचारलं. चांगला उंचापुरा माणूस, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

मला तातडीनं ठाण्याला, खोपटला जायचंय, एवढंच मी म्हटलं. दुखवट्याच्या घरच्या बाईला स्लिपरवर सोडून जाणं त्याला शक्य नव्हतं. आम्हीही तिकडूनच जाऊ, बसा, म्हणाला. ते तिकडून अजिबात जात नव्हते. मी वर जाऊन पर्स आणि दाखल्याची फाइल घेऊन आले. चपला बदलायच्या राहिल्या.

शीळफाट्याला गाडी अडकली आणि अडकूनच राहिली. मी कुठे आणि कशासाठी चालले आहे हे मला त्याला सांगता येत नव्हतं, कारण ती मुलाखत मोडली तर हायसं वाटणारा माणूस तोच होता. त्यानं आपण होऊनच विषय काढला. "माझा काय विरोध नाय ताई. पण लोक काय बोलतील? धनेशनी आंधल्या पोरीला कामाला लावली. आणि उद्या तिकडे कोणी तिला उलटा-सुलटा बोलला तर? घरात तिला कोण बोलत नाय." मागून आवडाबाई म्हणाली, "घरात तिच्याशी कोण बोलतच नाय." त्यानं हॉर्न वाजवला. पुढे ट्रक होता, त्याचा उपयोग नव्हता.

संस्थेचं कार्यालय एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. मी एकटीच वर गेले, म्हणजे मला तसं वाटलं. क्षिप्रा दिसायला फोनवरच्यापेक्षाही लहान होती. तिनं मला तिच्या वरच्या सरांपुढे नेलं. मी सगळं सांगितलं: बसत होते ती मी, लिहिलं ते मी, आणि ती मुलगी चुकली नव्हती. सरांनी सहानुभूतीनं ऐकलं. पण मेंटॉरचा शेरा फक्त मेंटॉरच बदलू शकतो, म्हणाले, आणि मेंटॉर तर...

"निरोप घेत नाही, असा लिवलाय?" दारातून आवाज आला. धनेश वर आला होता. मला परतीला रिक्षा मिळणार नाही म्हणून विचारायला आला, आणि सगळं ऐकून उभा होता. त्यानं गॉगल काढला. "आमचे पोरीला बोलाया येत नाय, असा?"

मी म्हटलं, मी लिहिलंय ते. मला समजलं नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुखवट्यातली होते, म्हणून वाचले. मग तो सरांकडे वळला. "साहेब, ती रीत पाळत होती. मेलेल्या माणसाचे घरात कसा वागायचा ते तिला समजतो. आणि पेशंटशी कसा बोलायचा ते नाय समजणार? तिला बोलवा. बोलून बघा आन् मंग लिवा काय लिवायचा तो." आपण काय मागतोय हे त्याला मागून झाल्यावर कळलं असावं. त्यानं गॉगल परत घातला.

सर हतबल होते. नियम म्हणजे नियम. मी फाइलमधून मृत्यूचा दाखला काढला. दोन महिने जो त्यांनी घेतला नव्हता, आणि सकाळी घेतला होता. त्यावरची तारीख त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं की शेऱ्यावरची तारीख काय आहे.

सरांनी दोन्ही तारखा पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. "हा शेरा मृत्यूनंतरचा आहे," ते म्हणाले.

"हो."

"मयत व्यक्तीचा शेरा ग्राह्य धरता येत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर, नियम आपल्या बाजूला आल्यावर प्रामाणिक माणसाला होतो तो आनंद पसरला. मला लगेच धास्ती वाटली. मग मृत्यूनंतरची सत्रंही रद्द होणार? क्षिप्रा पटकन म्हणाली, "दोन्ही खाती उघडी असली की सत्र होतं, सर, आणि हजेरी फक्त मेंटीची बघतात. कल्पिता हजर होती." सरांनी मान डोलावली. तर निष्कर्ष असा निघाला की आमचे आबा मृत्यूनंतर हजर राहू शकत होते, पण तक्रार करू शकत नव्हते. आबांना जे ओळखत होते त्यांना यात काही नवीन नाही.

फक्त एक निवेदन लिहून द्यावं लागलं. क्षिप्रानं मजकूर सांगितला, मी लिहिला: माझे वडील श्रीनिवास खांबेटे हयात नाहीत. दोन महिन्यांत किती जणांना सांगितलं होतं, किती चौकटी भरल्या होत्या. स्वतःच्या अक्षरात, पूर्ण वाक्य, मी तेव्हा पहिल्यांदाच लिहिलं. खाली सही केली. त्या कागदाला मात्र माझी सही चालली.

कल्पिताची मुलाखत त्याच आठवड्यात झाली. तिला तीन खोटे फोन दिले, असं क्षिप्राकडून कळलं. तिसरा फार चिडलेल्या बाईचा होता आणि तो तिला सगळ्यांत सोपा गेला. सरोजमावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नक्की आनंद झाला की नाही ते कळलं नाही.

निकाल कल्पितानं स्वतः सांगितला. फोन आबांच्या मोबाइलवर आला. तो मी अजून चार्ज करून ठेवते. एक तारखेपासून रुजू व्हायचं होतं. पप्पा रोज गाडीनं सोडायचं म्हणत होते, ती नको म्हणत होती, त्यावर घरात भांडण चालू होतं, आणि त्या भांडणाचं तिला फार कौतुक वाटत होतं. कुंडलिककाकांना गुडघ्यासाठी तयार राहायला सांगा, म्हणाली. मग म्हणाली की सरांच्या पहिल्या तीन सत्रांचं बोलणं तिच्याकडे रेकॉर्ड आहे, उजळणीसाठी केलेलं. हवं का?

"आत्ता नको," मी म्हटलं. "तुझ्याकडेच असू दे."

"ठेवते."

मी तिला सांगितलं की शेरा माझा होता. तिला ते माहीत होतं. पप्पांनी घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं होतं, स्वतःचं भाषण धरून. ती हसली नाही आणि मला माफही केलं नाही, नुसतं म्हणाली, "मला पण कसंतरी व्हायचं हो ताई, तसंच उठून जायला."

आणि मग ती शांतता आली, नेहमीची. मी फोन कानाशी धरून, ती जाण्याची वाट पाहत राहिले. यावेळी मला त्याचं काही वाटणार नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "आजी जाऊन आली तुमच्याकडे. म्हणजे आमच्या घरचं भेटणं झालं. आता बोलायला हरकत नाय, असं ती बोलते."

मी फोटोकडे पाहिलं. हार सुकला होता, बदलायला हवा होता.

"येते हं," कल्पिता म्हणाली.

"ये," मी म्हटलं.